एका हायड्रॉक्सिलची दिशा

ज्वारीचे एक ताट घ्या. कणसातले दाणे माणसाच्या पोटात जातात आणि उरलेला कडबा बैलाच्या. दाण्यात स्टार्च असते, कडब्यात मुख्यतः सेल्युलोज. दोन्ही पदार्थ ग्लुकोजचे रेणू एकापुढे एक जोडून बनलेले आहेत. आम्लात उकळून दोन्ही साखळ्या पूर्ण तोडल्या तर शेवटी हाती एकच साखर येते. तरीही दाण्याच्या भाकरीवर माणूस आयुष्य काढतो आणि कडब्याच्या गंजीजवळ बसून उपाशी मरू शकतो. दोन्हींतला फरक एका बंधाच्या दिशेचा आहे. स्टार्चमध्ये ग्लुकोजला ग्लुकोज जोडणारा बंध अल्फा जातीचा, सेल्युलोजमध्ये बीटा जातीचा.

वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी किंवा फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला कर्बोदकांचे प्रकरण येते, तेव्हा हा प्रश्न सहसा शेवटच्या पानांवर असतो. आधी येते ती वर्गवारी. मोनोसॅकराइड, डायसॅकराइड, पॉलिसॅकराइड. ट्रायोज, पेंटोज, हेक्सोज. अल्डोज आणि कीटोज. मुले तक्ता पाठ करतात, व्हायव्हात म्हणून दाखवतात आणि दुसऱ्या वर्षी फार्माकोलॉजी सुरू होईपर्यंत विसरून जातात. वर्गवारी चुकीची नाही, पण ती आधी येते आणि तिचे कारण नंतर, हे उलटे आहे. या प्रकरणातली एक गोष्ट आधी नीट समजली तर बाकीचे बरेचसे आपोआप जागेवर बसते: साखरेच्या रेणूत कोणते अणू किती आहेत यावरून फारसे काही ठरत नाही, ते कोणत्या बाजूला वळले आहेत यावरून ठरते.

ग्लुकोजपासूनच सुरुवात करू. सहा कार्बन, बारा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. गॅलॅक्टोजचे सूत्र हेच, मॅनोजचे हेच आणि फ्रुक्टोजचेही हेच. सहा कार्बनची उभी साखळी काढली, की ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनवर अल्डिहाइड गट येतो आणि उरलेल्या पाचही कार्बनवर एकेक हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. सहावा कार्बन टोकाचा, त्याला बाजू नसते. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतच्या चार कार्बनना मात्र ती असते: हायड्रॉक्सिल उजवीकडे किंवा डावीकडे. चार ठिकाणी दोन-दोन पर्याय, म्हणजे सोळा वेगवेगळ्या साखरा. त्यांपैकी ग्लुकोजची ओळख वरून खाली अशी वाचायची: उजवा, डावा, उजवा, उजवा. चौथ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल डावीकडे नेला की ते गॅलॅक्टोज, म्हणजे दुधातल्या साखरेचा अर्धा भाग. दुसऱ्यावरचा डावीकडे नेला की मॅनोज. फ्रुक्टोजमध्ये अल्डिहाइडऐवजी दुसऱ्या कार्बनवर कीटोन असतो, खालचे तीन कार्बन ग्लुकोजसारखेच.

ही मांडणी शोधून काढली ती एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८९१ मध्ये. तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता. रेणू बघायची सोय नव्हती, मोजायची नव्हती. हाताशी होत्या परीक्षानळ्या, ध्रुवीकृत प्रकाश किती अंशांनी वळतो हे सांगणारे पोलरिमीटर आणि फिनाइलहायड्राझिन नावाचे एक विषारी द्रव्य. हे द्रव्य फिशरने स्वतःच आधी शोधले होते आणि पुढे त्याची तब्येत बिघडवायलाही तेच कारणीभूत ठरले. साखरेबरोबर तापवले की त्यापासून ओसाझोन नावाचे पिवळे स्फटिक मिळतात. आजही पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात सूक्ष्मदर्शकाखाली ते दाखवतात: ग्लुकोजचे सुयांच्या जुडीसारखे, माल्टोजचे सूर्यफुलासारखे. फिशरच्या लक्षात आले की ग्लुकोज, मॅनोज आणि फ्रुक्टोज या तिन्हींचे ओसाझोन अगदी एकच असते. हे द्रव्य पहिल्या दोन कार्बनवर काम करते आणि तिथला भेद पुसून टाकते. म्हणजे या तिघींत जो काही फरक आहे तो त्या दोन कार्बनपुरताच आहे, खालचे सगळे सारखे. अशा एकेका पुराव्यावरून त्याने सोळा शक्यतांतून एकच शिल्लक ठेवली. १९०२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याला मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

एक गोष्ट मात्र त्याला सिद्ध करता येत नव्हती. त्याने काढलेली रचना आणि तिची आरशातली प्रतिमा या दोहोंपैकी निसर्गातली कोणती, हे सांगायला त्या काळी साधनच नव्हते. पाचव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल उजवीकडे आहे असे त्याने नुसते मानून घेतले. १९५१ मध्ये नेदरलँड्समधल्या बायव्हूटने टार्टारिक आम्लाच्या एका क्षारावर क्ष-किरण टाकून खरी दिशा ठरवली, तेव्हा कळले की फिशरचा अंदाज बरोबर होता. नाहीतर जगभरच्या पुस्तकांतल्या साखरेच्या सगळ्या आकृत्या उलट्या छापाव्या लागल्या असत्या. ‘डी-ग्लुकोज’ या नावातले ‘डी’ हे अक्षर त्याच उजव्या हायड्रॉक्सिलची खूण आहे.

आता उभी साखळी विसरा, कारण पाण्यात ग्लुकोज तसे फारसे राहतच नाही. पाचव्या कार्बनवरचा ऑक्सिजन वळून पहिल्या कार्बनला जाऊन मिळतो आणि सहा अणूंचे वलय तयार होते. ही वलयरूपे नीट मांडली ती इंग्लंडमधल्या नॉर्मन हॅवर्थने. त्याला १९३७ चे नोबेल मिळाले. वलय मिटताना पहिल्या कार्बनवर एक नवा हायड्रॉक्सिल तयार होतो आणि तो खाली झुकेल किंवा वर उठेल. खाली असला तर अल्फा, वर असला तर बीटा. शुद्ध अल्फा ग्लुकोज पाण्यात विरघळवले की सुरुवातीला प्रकाश ११२ अंशांच्या प्रमाणात वळतो, शुद्ध बीटाने सुमारे १९. पण दोन्ही द्रावणे काही तास ठेवली तर दोन्हींचा आकडा ५२.७ वर येऊन स्थिरावतो. वलय उघडते, मिटते, पुन्हा उघडते आणि शेवटी ३६ टक्के अल्फा, ६४ टक्के बीटा अशी वाटणी होते. उघड्या साखळीच्या रूपात त्या क्षणी हजार रेणूंमागे एकही नसतो.

ही नगण्य उघडी साखळी वैद्यकाच्या विद्यार्थ्याला नगण्य म्हणून सोडता येत नाही. मधुमेहाच्या रुग्णाची जी ‘तीन महिन्यांची साखर’, म्हणजे एचबीएवनसी, आपण तपासतो, ती तिच्यावरच उभी आहे. वलय उघडे असताना पहिल्या कार्बनवरचा अल्डिहाइड मोकळा असतो आणि मोकळा अल्डिहाइड प्रथिनांच्या अमिनो गटाला चिकटतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या सुरुवातीलाच व्हॅलिन हे अमिनो आम्ल आहे. ग्लुकोज तिथे जाऊन बसते. आधी कच्चा बंध बनतो, मग अणूंची थोडी फेरमांडणी होऊन तो पक्का होतो आणि पेशी असेपर्यंत तसाच राहतो. यात विकर म्हणजे एन्झाइम लागत नाही. साखर जितकी जास्त आणि वेळ जितका जास्त, तितके हिमोग्लोबिन साखरलेले. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून एचबीएवनसीचा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. मधुमेह्यांच्या रक्तातले हे वेगळे हिमोग्लोबिन तेहरानमधल्या सॅम्युएल रहबर यांनी १९६८ मध्ये नोंदवले. आज ६.५ टक्के किंवा अधिक असेल तर मधुमेह, हा निकष जगभर वापरला जातो.

चाचणीचे रसायन माहीत असले की ती कुठे फसेल तेही कळते. तांबड्या पेशी लवकर मरत असतील तर त्यांना साखरायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. सिकलसेलमध्ये असेच होते आणि विदर्भात, गडचिरोली धरून, तसेच नंदुरबारमध्ये सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. तिथे काम करणाऱ्याने एचबीएवनसी चांगला आला म्हणून निर्धास्त राहणे धोक्याचे आहे. उलट, लोहाच्या कमतरतेने हाच आकडा वर सरकू शकतो.

याच संदर्भात एक तर्क मला फार आवडतो. बन आणि हिगिन्स या दोन संशोधकांनी १९८१ मध्ये तो मांडला. बीटा ग्लुकोजच्या वलयावर पाचही मोठे गट कडेने बाहेर, मोकळे पसरलेले असतात. एकाची दुसऱ्याला अडचण होत नाही. सहा कार्बनच्या अल्डोज जातीच्या आठही ‘डी’ साखरांत अशी ऐसपैस बसणारी ही एकटीच. त्यामुळे तिचे वलय सर्वांत स्थिर, उघडी साखळी सर्वांत कमी आणि प्रथिनांना चिकटण्याचा वेगही सर्वांत मंद. रक्तात चोवीस तास फिरवायचे इंधन म्हणून उत्क्रांतीत ग्लुकोज निवडले गेले ते कदाचित याचमुळे, असे त्यांचे म्हणणे. आयुष्यभर रक्तात असलेली साखर इतकी जपून वागणारी असूनही मधुमेहात डोळे, मूत्रपिंडे आणि नसा खराब होतात. गॅलॅक्टोज किंवा फ्रुक्टोज तेवढ्याच प्रमाणात फिरत राहिले असते तर हानी त्याहून जास्त झाली असती. निरोगी माणसाच्या पाच लिटर रक्तात उपाशीपोटी ग्लुकोज असते तरी किती? डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम धरले तर अवघे पाच ग्रॅम, चहाचा एक चमचा.

मोकळ्या अल्डिहाइडची दुसरी ओळख बेनेडिक्टच्या परीक्षेत होते. निळे द्रावण, साखरेचे काही थेंब, उकळी आणि विटकरी लाल साका. साखर तांब्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देते आणि स्वतः ऑक्सिडाइज होते, म्हणून तिला क्षपणकारी म्हणायचे. एके काळी मधुमेहाचे रुग्ण घरी स्पिरिटच्या दिव्यावर स्वतःची लघवी अशी तपासत. आता पट्टी आली. पट्टीवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर असते आणि ते बीटा ग्लुकोजशिवाय दुसऱ्या कोणत्याही साखरेला फारशी दाद देत नाही. बेनेडिक्ट मात्र भेदभाव करत नाही. ग्लुकोज, गॅलॅक्टोज, लॅक्टोज, फ्रुक्टोज, इतकेच काय, क जीवनसत्त्वही त्याला लाल करते. बाळंतिणीच्या लघवीत लॅक्टोज उतरले तरी तो लाल होतो आणि तिला मधुमेह नसतो.

म्हणून बेनेडिक्ट कालबाह्य झाला असे समजू नये. काही दिवसांचे बाळ उलट्या करते आहे, कावीळ उतरत नाही, दूध पाजले की जास्त बिघडते. लघवीची पट्टी कोरी, बेनेडिक्ट लाल. म्हणजे लघवीत क्षपणकारी साखर आहे, पण ती ग्लुकोज नाही. इथे गॅलॅक्टोसेमियाची शंका यायलाच हवी. चौथ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल उलट्या बाजूला असलेल्या साखरेला ग्लुकोजच्या वाटेवर आणणारे विकर या बाळात जन्मतःच नसते. आईचे दूध थांबवून गॅलॅक्टोज नसलेले दूध सुरू करणे हा पहिला उपचार. उशीर झाला तर यकृत जाते, डोळ्यांत मोतीबिंदू होतो. दोन स्वस्त चाचण्यांचा निकाल एकमेकांशी जुळत नाही, एवढ्यावरून ही शंका घेता येते.

साधी साखर, म्हणजे सुक्रोज, बेनेडिक्टला निळाच ठेवते. ग्लुकोजचा पहिला कार्बन आणि फ्रुक्टोजचा दुसरा, म्हणजे दोघांचीही उघडणारी टोके, एकमेकांत गुंतलेली असतात. वलय उघडायला जागाच नाही. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला या रसायनासाठी प्रयोगशाळेत जायचीही गरज नाही, साखर कारखाना पुरे. लोणी-प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सुरू झालेल्या सहकारी कारखान्यापासून आजच्या शेकडो कारखान्यांपर्यंत रसाची ‘पोल’, म्हणजे त्यातल्या सुक्रोजचे प्रमाण, काढली जाते ती पोलरिमीटरवर. सुक्रोज प्रकाशाला उजवीकडे ६६.५ अंशांच्या प्रमाणात वळवते. ऊस तोडून फडात पडला, ट्रॅक्टर आला नाही, कारखान्याच्या गेटवर रांग लागली, की उसातलेच इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोज तोडू लागते. मिळतात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. पण फ्रुक्टोज प्रकाशाला डावीकडे इतके जोरात वळवते की मिश्रणाचा आकडा शून्याखाली, उणे वीसच्या आसपास जातो. रस गोडच लागतो, उतारा मात्र घटतो, कारण ग्लुकोज-फ्रुक्टोजच्या मिश्रणातून साखरेचे दाणे पडत नाहीत. गाळपाला उशीर झाला की शेतकऱ्याचे पैसे याच अभिक्रियेत जिरतात. त्याच उसात ल्युकोनॉस्टॉक नावाचे जिवाणू वाढून डेक्स्ट्रान हा बुळबुळीत पदार्थ करतात. कारखान्याच्या पाइपांची ती डोकेदुखी, तर रुग्णालयात शुद्ध केलेले डेक्स्ट्रान रक्ताचे आकारमान टिकवायला सलाईनमधून देतात.

स्वयंपाकघरात हीच अभिक्रिया मुद्दाम घडवतात. गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळायचे ते पाकाची साखर होऊ नये म्हणून. गरम आम्लात थोडे सुक्रोज तुटते आणि तुटलेले रेणू उरलेल्यांना स्फटिकात नीट बसू देत नाहीत.

लांब साखळ्यांकडे येऊ. स्टार्चचे दोन भाग: सरळ साखळीचे अमायलोज आणि फांद्या फुटलेले अमायलोपेक्टिन. अल्फा बंधामुळे अमायलोजची साखळी पुढे जाताना वळत जाते आणि तिचा पोकळ मळसूत्री पीळ बनतो. आयोडीनचा काळपट निळा रंग येतो तो आयोडीन या पोकळीत रांगेने शिरल्यामुळे. नळी तापवली की पीळ सैल पडतो आणि रंग जातो, गार केली की परत येतो; प्रात्यक्षिकात हे करून पाहायला शिक्षक सांगत नाहीत, तुम्ही पाहा. पाण्यात साधारण ६० ते ७५ अंशांवर स्टार्चचे कण फुगून फुटतात आणि चिकट होतात. उकडीच्या मोदकाची पारी त्यावर टिकते. ज्वारीत ग्लूटेन नसल्याने जुने पीठ थापताना तुटते, तेव्हा ते गरम पाण्यात मळतात, त्यामागेही हेच आहे. बासमती मोकळा आणि इंद्रायणी चिकट होतो, त्यात अमायलोजच्या कमी-जास्त प्रमाणाचा मोठा हात असतो. भात गार झाल्यावर साखळ्या पुन्हा एकमेकींना घट्ट बिलगतात. शिळी भाकरी ताठ होते ती याने आणि अशा स्टार्चचा काही भाग लहान आतड्यात पचत नाही. उपवासाच्या साबुदाण्याला रसायनशास्त्र मात्र कोणतीही सूट देत नाही. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे आणि एकादशीनंतर वाढलेली साखर घेऊन येणारे मधुमेही रुग्ण महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना नवे नाहीत.

बीटा बंधात प्रत्येक पुढचे ग्लुकोज आधीच्याच्या तुलनेत पालथे बसते. त्यामुळे साखळी वळत नाही, सरळ जाते. शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना चिकटतात आणि धागा तयार होतो. कापूस म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक असे सेल्युलोज. आपले अमायलेज फक्त अल्फा बंध ओळखते. फिशरनेच १८९४ मध्ये हे दाखवले होते: यीस्टमधले विकर अल्फा जातीचे ग्लुकोसाइड तोडते, कडू बदामातले बीटा जातीचे, आणि एकाचे काम दुसरे करत नाही. विकर आणि त्याचा पदार्थ यांचे नाते कुलूप-किल्लीचे असते, ही आज शाळेतही शिकवली जाणारी उपमा त्याने साखरांवरच्या याच कामात वापरली. बैलाकडेही सेल्युलोज तोडणारे विकर नाही. ते त्याच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातल्या सूक्ष्मजीवांकडे असते. ते कडबा आंबवतात आणि बैल त्यातून निघालेल्या छोट्या मेदाम्लांवर जगतो.

ग्लायकोजेन हे प्राण्यांचे स्टार्च, फक्त फांद्या जास्त दाट, दर आठ ते बारा ग्लुकोजमागे एक. यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास. एवढे ग्लुकोज सुटे ठेवले असते तर त्यामागे पाणी आत ओढले जाऊन पेशी फुगल्या असत्या. जोडून ठेवले की तोच साठा परासरणाच्या हिशेबात नाममात्र उरतो. फांद्यांमुळे टोके वाढतात आणि विकरे टोकांवरून तोडतात, म्हणून गरज पडली की एकदम पुष्कळ ग्लुकोज सुटते. स्नायूंतला साठा रक्ताला परत मिळत नाही, यकृतातला मिळतो.

खाल्लेल्या भाकरीचे स्टार्च तोंडात तुटू लागते, जठराच्या आम्लात ते काम थांबते आणि स्वादुपिंडाचे अमायलेज पुढे उचलते. शेवटचा घाव लहान आतड्याच्या अस्तरावरची विकरे घालतात. अकार्बोज आणि व्होग्लिबोज ही मधुमेहावरची औषधे नेमकी या शेवटच्या विकरांना अडवतात, जेवणानंतरची साखर सावकाश वाढावी म्हणून. यातून निघणारी गोष्ट प्रत्येक परिचारिकेला ठाऊक हवी. अशी गोळी आणि सोबत दुसरे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाची साखर एकदम उतरली, तर त्याला साखरेचे पाणी देऊन लगेच गुण येईल याची खात्री नाही. सुक्रोज तोडणारे विकरच अडवलेले आहे. त्याला ग्लुकोज पावडर द्या. ते आधीच एकएकटे आहे, तोडावे लागत नाही.

ग्लुकोज आतड्यातून आत शिरते ते सोडियमला सोबत घेऊन. ही जोडवाहतूक रॉबर्ट क्रेनने १९६० मध्ये प्राग इथल्या परिषदेत मांडली. पटकीत आतडे पाणी ओतत असते, पण हे दार शाबूत राहते. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली. तीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. आजच्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते आणि सोडियमचे प्रमाण त्याच्याशी एकास एक जुळवलेले. जास्त साखर घातली तर जास्त फायदा होत नाही, उलट न शोषलेली साखर पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. फ्रुक्टोजला या दारातून प्रवेश नाही, त्याची वाट वेगळी.

आपल्याकडे अशक्तपणा आला की ‘ग्लुकोज चढवा’ म्हणतात. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम डेक्स्ट्रोज असते. त्यातून मिळणारी ऊर्जा एका मध्यम भाकरीहून कमी. पाणी कमी पडलेल्या किंवा तोंडाने खाऊ न शकणाऱ्या रुग्णासाठी ती बाटली कामाची आहे, पण ताकदीसाठी तिचे पैसे मोजणे निव्वळ उधळपट्टी आहे.

इंधनाखेरीज साखरा आणखी एक काम करतात, ते ओळख पटवण्याचे, आणि पहिल्या वर्षी यावर फार थोडा वेळ दिला जातो. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरांच्या छोट्या साखळ्या बाहेर आलेल्या असतात. त्यांच्या टोकाच्या गॅलॅक्टोजवर फ्युकोज नावाची साखर बसली की तिला एच प्रतिजन म्हणतात. ओ गटाचे लोक इथेच थांबतात. एचवर आणखी एक गॅलॅक्टोज चढले की बी गट. त्या गॅलॅक्टोजच्या दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिलच्या जागी नायट्रोजनचा एक गट असेल तर ए. ए आणि बी देणाऱ्या विकरांत फक्त चार अमिनो आम्लांचा फरक आहे. तेवढ्यावरून चुकीची बाटली जीवघेणी ठरते.

१९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त सापडले की ज्यात ए नव्हता, बी नव्हता आणि एचही नव्हता. फ्युकोज जोडणारे विकरच या लोकांत नसते. तो बॉम्बे रक्तगट. भारतात साधारण दहा हजारांत एकाला तो असतो. नेहमीच्या तपासणीत अँटी-ए आणि अँटी-बी दोन्ही थेंबांत गुठळी होत नाही, म्हणून कार्डावर ‘ओ’ लिहिले जाते. प्रत्यक्षात या माणसाच्या रक्तात एचविरुद्धची प्रतिद्रव्ये असतात आणि ओ गटाचे रक्त दिले तरी ती त्यावर तुटून पडतात. त्याला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. तुम्ही उद्या वॉर्डात किंवा रक्तपेढीत असाल आणि ‘ओ’ लिहिलेल्या रुग्णाच्या नमुन्याशी ओ गटाची एकही पिशवी जुळत नसेल, तर दुसरी पिशवी शोधत वेळ घालवू नका. अँटी-एच तपासणी मागवा आणि तो बॉम्बे गट निघाला तर रुग्णाच्या सख्ख्या भावाबहिणींनाही रक्त तपासायला बोलवा. हा गुण आई आणि वडील दोघांकडून आल्याशिवाय प्रकट होत नाही, त्यामुळे प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता चारांत एक असते.